पंचांग मिटा, आकाश पाहा

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील असंख्य गावांच्या आकाशातून आगीचा एक लांब पट्टा सरकत गेला. पाठोपाठ जळणारे तुकडे आणि त्यांच्यामागे झगझगीत शेपट्या. गुढीपाडव्याचा दिवस असल्याने माणसे अंगणात, चौकात, रस्त्यावर होती. ज्याच्या हातात मोबाईल होता त्याने तो वर धरला. तासाभरात ती दृश्ये राज्यभर फिरली आणि अफवांना ऊत आला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे पडलेले आढळले. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन त्यांची पाहणी करून गेले.

ते काय होते, याचा उलगडा मात्र फार लवकर झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी या रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळाला, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. हा निष्कर्ष काढताना कक्षेचे गणित तर होतेच, पण त्याला जोड मिळाली ती गावोगावच्या मोबाईलमधील चित्रणाची. वेळ कोणती, दिशा कोणती, तुकडे किती सेकंद दिसले, हे त्या चित्रणात नोंदले गेले होते. ते चित्रण करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात दुर्बिणीला हात लावलेला नसेल. तरी त्या संध्याकाळचे साक्षीदार तेच होते. त्यांची साक्ष कोणी जात विचारून घेतली नाही.

वाचकहो, आकाशनिरीक्षण आणि आकाशाचे छायाचित्रण हा आपल्या समाजात अजून रिकामटेकड्यांचा किंवा पैसेवाल्यांचा छंद समजला जातो. पोटापाण्याचे प्रश्न, आरक्षणाचे प्रश्न, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना चांदण्या कसल्या मोजता, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याचा प्रश्न चुकीचा नाही. पण आकाश आपल्या जगण्यात नव्हते, असे कधी झालेलेच नाही. ते होते, फक्त ते आपण पाहत नव्हतो, दुसरा कोणी आपल्याला वाचून दाखवत होता आणि वाचण्याची दक्षिणाही घेत होता.

ग्रहणाचेच उदाहरण घ्या. जुन्या पिढीतील माणसांना विचारा. ग्रहण लागले की मांगवाड्यातील, महारवाड्यातील माणसे गावातून ‘दे दान सुटे गिराण’ असे ओरडत फिरत. गाव जुने कपडे, धान्य, पैसा टाकी. का? तर सूर्यचंद्राला गिळणारे राहू-केतू हे अस्पृश्य जातीचे, त्यांनी देवाला शिवले म्हणून देव काळवंडला, आता त्यांच्या जातवाल्यांना दान दिले की ते सोडतील! पंचांगातील शब्दच पाहा. ग्रहणाला जेव्हा सुरुवात होते त्या क्षणाला ‘स्पर्श’ म्हणतात, ते सुटते त्याला ‘मोक्ष’ म्हणतात. मधल्या काळात सुतक, त्याआधी वेध आणि शेवटी विटाळ काढायला आंघोळ. गावकुसाबाहेर माणसाला ठेवण्याची जी भाषा, तीच भाषा थेट आकाशात नेऊन बसवली. पृथ्वीच्या सावलीला जात चिकटवणारा हा जगातील विलक्षण देश म्हटला पाहिजे.

महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीच्या दारात येतो, पोटातील बाळाला ग्रहांची पीडा असल्याचे भय घालतो आणि त्या गरीब जोडप्याकडून पैसे उकळतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. आज दीड शतकानंतर तो जोशी घराच्या दारात येत नाही, तो सकाळी सकाळी दूरचित्रवाणीवर येतो, एवढाच काय तो फरक. तथागतांनीही दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे, उल्कापात, नक्षत्रांची गती यावरून भविष्य सांगून पोट भरण्याला हीन विद्या म्हटले आहे आणि भिक्खूंनी तिच्यापासून दूर राहावे असे सांगितले आहे. येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. ग्रहण पाहणे त्यांनी हीन ठरवलेले नाही. त्याच्या नावावर पोट भरणे हीन ठरवले आहे.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. संपूर्ण भारतातून ते दिसण्यासारखे होते. रात्री ११ पासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत, म्हणजे ८२ मिनिटे, चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता. अनेक मंदिरांचे दरवाजे त्या दिवशी बंद राहिले. आपल्या विहारांना दरवाजे बंद करण्याचे कारण नव्हते, पण किती विहारांच्या गच्चीवर मुले जमली? बुद्धपौर्णिमेलाच ग्रहण आल्याचे तर ओळीने तीन वर्षे घडले: २६ मे २०२१, १६ मे २०२२ आणि ५ मे २०२३. यातील पहिले आपल्या राज्यातून दिसले नाही, दुसरे भारतातूनच दिसले नाही, तिसरे छायाकल्प असल्याने डोळ्यांना फारसे जाणवणारे नव्हते. तरी पौर्णिमेलाच चंद्रग्रहण का होते आणि दर पौर्णिमेला का होत नाही, हे वस्तीतील मुलांना सांगण्यासाठी याहून चांगला प्रसंग कोणता? सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येण्याची शक्यता फक्त पौर्णिमेला. पण चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. एक बल्ब, एक चेंडू आणि एक लिंबू एवढ्यात हे दाखवून होते.

अशा ग्रहणाचा फोटो काढणे कठीण नाही. नेहमीचा पूर्ण चंद्र फार तेजस्वी असतो, म्हणून मोबाईल त्याचा पांढरा ठिपका करून टाकतो. कॅमेऱ्यात आयएसओ १००, छिद्र एफ ११ आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग एवढे ठेवले की चंद्रावरचे डाग स्पष्ट येतात. खग्रास स्थितीत मात्र तोच चंद्र हजारो पटींनी मंद होतो. तेव्हा आयएसओ १६०० आणि शटर एक-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. तो तांबडा दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेला प्रकाश तेवढा त्याच्यावर पडत असतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू आहेत, त्या साऱ्यांचा तो रंग असतो. ज्या बाईने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, ती सुनेला चाकू-सुरी लावू नकोस म्हणून कोपऱ्यात बसवणार नाही. बसवलीच तर निदान तिच्या मनात शंका येईल. फाटक्या ओठाचे मूल जन्माला येण्याची कारणे आनुवंशिकता, कुपोषण, तंबाखूचा धूर अशी आहेत. चंद्रावरच्या सावलीचा त्याच्याशी संबंध नाही.

सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तेथे भीतीला एक खरे कारण आहे आणि तेच नेमके कोणी सांगत नाही. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले तर डोळा जातो, ग्रहण असो वा नसो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, काळा चष्मा यांपैकी काहीही चालत नाही. प्रमाणित चष्मा किंवा वेल्डिंगची १४ नंबरची काच हवी. कॅमेऱ्याच्या भिंगापुढेही गाळणी लावल्याशिवाय तो सूर्याकडे रोखू नये. पण सर्वांत स्वस्त उपाय स्वयंपाकघरात आहे. पुरी तळायचा झारा उन्हात धरा आणि त्याची सावली भिंतीवर पाडा. प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक कोर उमटते. पिंपळाच्या किंवा कडुनिंबाच्या झाडाखाली जमिनीवर अशा शेकडो कोरी पडतात, त्यांचा फोटो साध्या मोबाईलने निघतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकातून खग्रास सूर्यग्रहण गेले तेव्हा मुंबईचे रस्ते ओस पडले होते आणि लोकांनी घरात बसावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखवला होता. सरकारी यंत्रणेला झारा सुचला नाही.

आता पंचांगाच्या दाव्याची तपासणी फोटोने कशी करता येते ते पाहू. मकरसंक्रांतीला सूर्याचे उत्तरायण सुरू होते, असे शाळेच्या पुस्तकापासून तिळगुळाच्या पाकिटापर्यंत सगळीकडे छापलेले असते. आपल्या गच्चीवर एक जागा ठरवा. समोर एखादा मनोरा, झाड, पाण्याची टाकी असावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत त्याच जागेवरून मावळत्या सूर्याचा फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकत सरकत २१-२२ डिसेंबरला थांबते आणि परत फिरते. १४ जानेवारी येईपर्यंत सूर्य आपल्या चार बिंबांइतका उत्तरेकडे सरकून आलेला असतो. म्हणजे उत्तरायण होऊन तीन आठवडे उलटलेले असतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे दर ७२ वर्षांना सुमारे एक दिवस हा फरक वाढत जातो. पंचांगाने तो हिशेबात धरलाच नाही.

हे ठणकावून सांगणारा माणूस कोण होता? मेघनाद साहा. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात एका किरकोळ दुकानदाराच्या घरी जन्मलेला, मागास जातीतला. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थी त्याच्या पंगतीला बसत नसत. त्याच साहांनी १९२० साली असे समीकरण मांडले की ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान आणि त्यातील द्रव्यांची अवस्था कळू लागली. आज जगातील कोणताही खगोलशास्त्रज्ञ साहा समीकरण ओलांडून पुढे जात नाही. पुढे १९५२ साली भारत सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली, तिचे अध्यक्ष साहाच होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. साहा ते पाहायला राहिले नाहीत. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. ती दिनदर्शिका सरकारी कागदांच्या कोपऱ्यात राहिली आणि सण-मुहूर्त जुन्याच पंचांगावर चालू राहिले. २००१ मध्ये तर विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणले. इकडे पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून दिल्या आणि ओळखा म्हटले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. नाणे उडवले असते तरी याहून वाईट निकाल लागला नसता.

असो. मूळ छंदाकडे वळू. आपल्याकडे या छंदाचे खरे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभे असताना रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहिले तर मृग नक्षत्र वर येत असते. मधले तीन तारे एका ओळीत, आपल्या शेतकऱ्यांची तिफण. त्यांच्या वर तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. जरा उशिराने व्याध उगवतो, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. तिफणीच्या खाली अंधुक धुकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ. तेथे नवे तारे जन्मत आहेत आणि तो साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर आहे. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये दहा सेकंदांचा फोटो घेतला तरी तो गुलाबीसर उमटतो. मृगातला तांबडा तारा, काक्षी, २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत एवढा मंदावला की त्याचा आता स्फोट होतो की काय अशी चर्चा जगभर झाली. कारण निघाले त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीचे. या काळात नुसत्या डोळ्यांनी रोज त्याची तेजस्विता नोंदवणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडल्या.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. अंधाऱ्या गावातून तासाला पन्नास-साठ उल्का मोजता येतात. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे; हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या कचऱ्याचा. फोटोसाठी कॅमेरा पुनर्वसूच्या थोडा बाजूला रोखावा आणि वीस-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहावे. दोनशे फोटोंत तीन-चार उल्का सापडल्या तरी रात्र सार्थकी लागली समजा. थंडीत भिंगावर दव साचते, अर्ध्या तासाने फोटो धुरकट येऊ लागतात. भिंगाच्या कडेला कोरडे फडके गुंडाळावे आणि अधूनमधून तपासावे.

उन्हाळ्यात आकाश धुळकट होते, पण रात्री उघड्यावर झोपण्याचे दिवस हेच. १४ एप्रिलला मिरवणूक संपवून परतताना सप्तर्षी उत्तरेला उंच असतात आणि मृग पश्चिमेला बुडत असतो. आपल्या लोकांनी या सात ताऱ्यांत ऋषी पाहिलेच नाहीत. चार ताऱ्यांची म्हातारीची खाट आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर, अशी गोष्ट वाड्यावस्त्यांवर सांगतात. विदर्भातील गोंड समाजाचे आकाशज्ञान मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गावोगाव फिरून नोंदवले, त्यातही हीच खाट आणि चोर भेटतात. कष्टकऱ्याने आकाशात आपली अवजारे आणि आपले घर पाहिले. ती नावे छापील नकाशांत आली नाहीत, म्हणून ती खोटी ठरत नाहीत. आपल्या आजीला विचारून ती लिहून घेण्याचे काम अजून शिल्लक आहे, आणि आज्या फार दिवस थांबणाऱ्या नाहीत.

मे महिन्यात मध्यरात्रीकडे दक्षिणेला वृश्चिक वर येतो. आकडा वळवलेली त्याची शेपटी म्हणजे मूळ नक्षत्र. मुळावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते, असे सांगून आजही स्थळे मोडतात. बौद्ध म्हणवणाऱ्या घरांतही चोरून पत्रिका पाहिली जाते, हे आपण सगळे जाणतो. त्या मुलीला एकदा अंधाऱ्या जागी नेऊन ते मूळ नक्षत्र दाखवा. त्याच्या शेजारीच, २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. संपूर्ण आकाशात फोटोसाठी याहून देखणा भाग नाही. तिवईवर कॅमेरा, भिंग शक्य तितके रुंद, छिद्र पूर्ण उघडे, आयएसओ ३२००, पंधरा-वीस सेकंद. ५०० या आकड्याला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की किती सेकंदांपर्यंत तारे रेघा न होता ठिपके राहतील ते कळते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला उत्तर आणखी दीडने भागावे.

मग पाऊस. ७-८ जूनला मृग लागला असे आपण म्हणतो आणि अनेकांना वाटते की मृग नक्षत्र तेव्हा आकाशात उगवते. प्रत्यक्षात त्या दिवशी सूर्य मृगात शिरलेला असतो, त्यामुळे ते नक्षत्र दिवसा आकाशात असते आणि दिसतच नाही. वर्षावासाचे तीन महिने निरीक्षकालाही घरी बसवतात. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव जगभर गाजतो, आपल्या वाट्याला त्यातले ढगच येतात. जुलै २०२० मध्ये निओवाईज धूमकेतू आला तेव्हाही महाराष्ट्रातील बहुतेकांना असेच हात चोळत बसावे लागले. या दिवसांत विजेचे फोटो काढावेत, पण पक्क्या घराच्या आतून, खिडकीतून. गच्चीवर तिवई घेऊन उभे राहणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय.

पावसाने धुतलेले आकाश आश्विनात मिळते. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती, दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे लाखोंचा समुदाय जमला होता. नेमक्या त्याच दिवशी त्सुचिन्शान-अ‍ॅटलास हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला आणि पुढचा आठवडाभर, जिथे ढग नव्हते तिथे, सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसला. हा निव्वळ योगायोग होता. बाबासाहेबांना मानवंदना द्यायला धूमकेतू आला, असे आपल्यातला कोणी भावनेच्या भरात म्हणू लागला तर त्यालाही तेथल्या तेथे थांबवले पाहिजे. भटजीची पोथी फेकून आपली पोथी लिहायला आपण धर्मांतर केलेले नाही.

या छंदाला अंधार लागतो, आणि अंधाराचे राजकारण येथे टाळता येत नाही. गावात विजेचे खांब आले तेव्हा ते आपल्या वस्तीत सर्वांत शेवटी आले. म्हणून गावकुसाबाहेरचे आकाश वर्षानुवर्षे जास्त तारांकित राहिले. आता काही निसर्गप्रेमी मंडळी अंधार वाचवा म्हणतात. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी अशा गावांतील दिवे त्यासाठी बदलण्यात आले. ही पद्धत योग्य आहे, कारण तेथे दिवे काढले नाहीत, त्यांच्यावर झाकण बसवून प्रकाश जमिनीकडे वळवला. पण अंधाराच्या नावाखाली कोणी वस्तीचा दिवा काढायला निघाला तर त्याला सांगावे लागेल की साप-विंचू आणि गुंड यांना चांदणे पुरते, आमच्या बायकांना पुरत नाही.

तसेच रात्री बाहेर कोण उभे राहू शकते, हाही प्रश्न आहे. मध्यरात्री परक्याच्या बांधावर काळी पिशवी आणि तिवई घेऊन उभ्या असलेल्या मुलाचे आडनाव काय, यावर त्याला चहा मिळेल की मार, हे ठरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. ते दिवसाउजेडी घडले होते. म्हणून आपल्या मुलांनी एकटे जाऊ नये, चार-पाच जणांनी मिळून जावे, सरपंच-पोलीस पाटलाला आधी सांगावे, आणि गावातील पोरांनाही दुर्बिणीतून चंद्र दाखवावा. मुलींसाठी विहाराची गच्ची सर्वांत चांगली. ध्रुव तारा शोधायला गच्ची पुरते: हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश व्यापते. नागपुरातून ध्रुव उत्तर क्षितिजावर दोन मुठी, कोल्हापुरातून दोनला थोडा कमी. जेवढा अक्षांश तेवढी ध्रुवाची उंची. तो सर्वांत तेजस्वी तारा नाही, मध्यम आहे. त्याची ख्याती जागा न सोडण्याची. त्याच्याकडे कॅमेरा रोखून तासभर फोटो घेत राहिले आणि ते एकत्र जोडले की बाकीचे तारे त्याच्याभोवती पंधरा अंशांचे कंस काढताना दिसतात. पृथ्वी फिरते याचा हा पुरावा घरच्या घरी तयार होतो.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आपल्यातून गेला. आपल्याला कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखक व्हायचे होते, विज्ञानावर आणि ताऱ्यांवर आपले प्रेम होते, असे त्याने शेवटच्या पत्रात लिहिले होते. त्या पत्रातील इतर वाक्यांवर देशभर मोर्चे निघाले, सभा झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. ताऱ्यांवरच्या वाक्यापाशी मात्र आपण फारसे थांबलो नाही. त्याच्या नावाने आपण ग्रंथालये काढली, व्याख्यानमाला सुरू केल्या. एखादी दुर्बीण घेतली का?

ती फार महागही लागत नाही. जाहिरातीत ‘पाचशे पट मोठे दिसेल’ असे छापलेल्या खेळण्यातल्या दुर्बिणी मात्र घेऊ नयेत. त्यांत चंद्रही नीट थरथरल्याशिवाय दिसत नाही. सुरुवातीला ७×५० किंवा १०×५० ची साधी द्विनेत्री पुरे. तिच्यातून गुरूचे चंद्र, कृत्तिकांतील कित्येक तारे, २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका दिसते. तिवई नसेल तर वीट आणि तांदळाची पिशवी यांच्यावर मोबाईल टेकवावा आणि दहा सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. शिकायचे असेल तर पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या निरीक्षणाच्या रात्री सर्वांसाठी असतात, आपल्या मुलांनी संकोच न करता तेथे जावे.

फोटोबाबत एक पथ्य पाळावे. अलीकडे काही मोबाईल चंद्र ओळखून त्याचा तपशील स्वतःच्या पोतडीतून भरतात. आणि रंग इतके भडकवतात की आकाश लग्नाच्या मांडवासारखे दिसते. असा फोटो भिंतीवर लावायला ठीक, साक्षीला निरुपयोगी. मूळ फाइल जपून ठेवावी आणि जवळ एक वही असावी. तारीख, वेळ, गाव, दिशा, ढग होते की नव्हते, काय दिसले, सोबत कोण होते, एवढे लिहावे. काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असेही लिहावे. ती नोंदसुद्धा नोंदच असते.

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाची पाळी आहे. इजिप्तमधील लक्सर येथे ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास, आपल्याकडे खंडग्रास, दुपार कलल्यावर. ऑगस्ट म्हणजे ढग असणारच. तरी विहारात चष्मे आणून ठेवावेत, झारे गोळा करावेत, आणि ढग फाटला तर पहिला झारा वस्तीतल्या गरोदर बाईच्या हातात द्यावा.